अर्धा सूर

डोक्यावर आंबिलीचा बिंदगा असताना बोलायचं नसतं. आमच्या घरात हा नियम आजवर कुणी मोडलेला नाही, आणि येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या सकाळी, सडकेवरून रानाकडं जाणाऱ्या वाटेवर, दोडप्पांनी नेमका त्याचाच फायदा घेतला.

"शिवकांता, मी ठरवलंय," माझ्या मागून चालत ते आत्याला म्हणाले. "रंजूचा खो-खो आजपासून बंद. जेवणं झाली की कोपीत सगळ्यांसमोर सांगून टाकतो."

मी सगळ्यांच्या पुढं. नवं परकर-पोलकं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बिंदगा, बिंदग्यात ज्वारीच्या पिठाची आंबट आंबील. मान वळवावी तर आंबील सांडणार. तोंड उघडावं तर रानातली लक्ष्मी रुसली म्हणून अज्जी वर्षभर ऐकवणार. आणि मी कोण, तर बाई हजेरी घेताना शेजारणीचीसुद्धा 'हजर' म्हणून टाकणारी!

"पण परवा जिल्ह्याच्या संघाची निवड हाय न्हवं तिची? धाराशिवला?" आत्या म्हणाली.

"तिसरी. आधीच्या दोन टायमाला काय झालं, बघितलंस की. पोरगी जेवंना, बोलंना. आता दहावी. मग लातूर, कॉलेज, शिकवण्या. परत तितं जायचं, परत नावं वाचताना हिचं नाव यायचं न्हाय, परत तोंड पाडून यायचं. कशापायी?"

"ते बी खरंच म्हना," आत्या म्हणाली.

आत्या! सास्तूरहून काल आल्या आल्या मला कवटाळून 'माझी वाघीण' म्हणालेली आत्या बघता बघता पलीकडं गेली.

आता पप्पा बोलतील म्हणून मी कान मागं लावून चालत राहिले. पप्पा त्यांच्या शेजारीच होते. पप्पा खोकले. एवढंच. मुरुमच्या आमच्या आडत दुकानात दोडप्पा भाव बोलतात आणि पप्पा पोती मोजतात. घरातही तसंच. दोडप्पा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, आणि आमच्या घराचे निकाल दर वर्षी येळवशीला, रानातल्या कडब्याच्या कोपीत, जेवणानंतर त्यांच्याच तोंडून लागतात. आत्याचं लग्न तिथं ठरलं. विहीर तिथं ठरली. माझं इंग्रजी शाळेतून नाव काढून मराठीत घालायचंही तिथंच ठरलं, आणि ते बरं झालं, कारण मराठी शाळेत बब्रुवान सर होते आणि सरांकडं खो-खोचं मैदान होतं.

सगळ्यांत मागं नंदीशदादा दुधाची किटली घेऊन येत होता. दोडप्पांचा मुलगा, तेवीस वर्षांचा. त्यानं ऐकलं की नाही, कोण जाणे. हल्ली तो काही ऐकल्याचं दाखवतच नाही.

*

रानात पोचलो. ज्वारी माझ्या डोक्याच्याही वर गेलेली, हरभऱ्याला घाटे. कोपीत पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. बिंदगा खाली ठेवला आणि मी तोंड उघडलं.

"दोडप्पा, तुमी..."

"आधी पूजा," अज्जी म्हणाली.

पूजा झाली.

"दोडप्पा, मी काय म्हणते..."

"आधी रानाला आंबील."

मग पप्पांच्या मागं आरोळ्या ठोकत पिकाला फेरी. कडुलिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडायची. मी इतकी जोरात शिंपडली की निम्मी आत्याच्या अंगावर गेली. चुकून.

दोडप्पांच्या मनात काय होतं ते मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं, पण ते आत्ताच सांगते, नाहीतर ते उगाच खलनायक ठरतील. फेरीत ते सगळ्यांत मागं राहिले होते. ज्वारीच्या ताटांमधून त्यांना नंदीशदादाची पाठ दिसत होती. हाच पोरगा, पोलीस भरतीसाठी पहाटे ह्याच वाटेनं धावायचा. तीनदा गेला. दोनदा धावण्यात मार्क कमी पडले, तिसऱ्यांदा पायात गोळा आला. तिसऱ्यांदा घरी आला तो थेट झोपला. दोडप्पांना वाटलं, ह्याला आता काही विचारायचं नाही. दोडव्वा तर दादा लहान असतानाच गेलेली. आईविना पोराला आणखी काय टोचायचं? त्यांनी घरात सगळ्यांना ताकीद दिली: भरतीचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून दादाला दुकानात बसवलं. तेव्हापासून दादा बसलेलाच आहे. आणि पुतणीचं नाव दोन वर्षं यादीत आलं नाही तेव्हा दोडप्पांना तिच्या तोंडावर दादाचं तोंड दिसायला लागलं. आणखी एक पोर असं बसलं तर? त्यापेक्षा आधीच थांबवलेलं बरं.

त्यांना माझ्या तोंडावर जे दिसत होतं ते अगदीच खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी यादी वाचली आणि माझं नाव आलं नाही, तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत तुरीच्या पोत्यांमध्ये जाऊन बसले आणि ठरवलं, आता जगायचंच नाही. (मग आईनं शेंगाचटणी आणि भाकरी आणली, आणि जगले.) दुसऱ्या वर्षी पोत्यांकडं गेले नाही. रडले भरपूर, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जाऊन सरांना विचारलं, काय चुकलं? सर म्हणाले, निवड करणारे म्हणतात, पोरगी पळते वाऱ्यासारखी, पण सूर अर्धाच मारते.

अर्धा सूर! खो-खोत पळणारा गडी हाताला लागेना की शेवटी अंग झोकून द्यायचं, भुईवर सपाट, हात लांब करून त्याला शिवायचं. तो सूर. मी वर्षभर मांड्या कमावल्या. उड्या मारल्या. तरी सूर अर्धाच. सर म्हणायचे, रंजे, तुझा हात कुठं आखडतो ते मलाच कळंना.

*

जेवण म्हणजे काय सांगू! भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, आणि वर आंबील. येळवशीला पोटाला ना म्हणायचं नसतं. आत्यानं मला आग्रह करून तिसरा उंडा वाढला. मला वाटलं, शिक्षा सुनावण्याआधी खाऊ घालतात तसं असेल.

दोडप्पांनी हात धुतले. कोपीच्या दाराशी पंचा अंथरून बसले.

"अव्वा, ऐका," ते अज्जीला म्हणाले, मग पप्पांकडं वळले. "शिवा, तू बी. रंजूनं यंदा धाराशिवला जायचं न्हाय. दहावी डोक्यावर हाय."

मी उभी राहिले. आमच्या घरात कोपीतल्या निकालाच्या वेळी पोरं उभी राहत नाहीत. पण मी राहिले.

"दोडप्पा, सहामाहीत मला किती मार्क पडले?"

"चांगले पडले."

"मग दहावीचं नाव कशाला सांगताय? खरं कारण सांगा की."

आईनं माझा परकर मागून ओढला. आत्यानं डोळे मोठे केले. पप्पांनी हातातली तिळाची पोळी खाली ठेवली.

"खरं कारण?" दोडप्पांनी खिशातून मोबाईल काढला. "हे बघा खरं कारण. नंद्यानंच काढलंय, गेल्या वर्षीच्या निवडीत. घरच्या ग्रुपवर टाकलं व्हतं. बघा सगळ्यांनी. एक खेप गेली, पडली. दुसरी खेप गेली, पडली. गडी हातभर लांबून निघून गेला. हे पोरीला जमत न्हाय. जमत न्हाय त्यापायी रडवायचं कशाला?"

तो व्हिडिओ मी कधीच पूर्ण बघितला नव्हता. लाज वाटायची. आता मोबाईल एकेकाच्या हातातून फिरायला लागला. आत्यानं बघून चुकचुक केलं. आईनं बघितलाच नाही, तसाच पुढं दिला. अज्जीनं मात्र मोबाईल नाकाला टेकेपर्यंत जवळ धरला. गंगम्मा अज्जीला एका डोळ्यानंच दिसतं, आणि जे दिसतं ते ती सोडत नाही.

"परत लाव," ती दादाला म्हणाली.

दादानं लावला.

"परत. हळू चालत न्हाय का हे?"

दादानं हळू केला. बाहेर ज्वारीवर पाखरं कलकलत होती.

"कूसा," अज्जी मला लेकराचं कानडी नाव घेऊन म्हणाली, "पडताना तुजा डावा हात कुठं जातोय गं?"

मी वाकून बघितलं. व्हिडिओतली मी धावत येते, अंग झोकते, उजवा हात लांब जातो. आणि डावा? डावा हात हवेतच वळून छातीशी येतो. गच्च. त्यानं खांदा आत ओढला जातो, सगळं अंग तिरकं होतं आणि उजवा हात वीतभर आखूड पडतो. दुसऱ्या सुरातही तेच.

माझा स्वतःचा हात आपोआप गळ्याकडं गेला. पोलक्याच्या आत, पांढऱ्या वस्त्रात बांधलेलं माझं इष्टलिंग.

आम्हा लिंगायतांत दीक्षा झाली की गळ्यात इष्टलिंग येतं. ते अंगावरून उतरवायचं नाही आणि भुईला लागू द्यायचं नाही. चांदीची डबी मैदानात चालत नाही म्हणून सरांनी ती काढायला लावली, तेव्हा अज्जीनं ते वस्त्रात बांधून दिलं होतं. आणि मी वर्षानुवर्षं प्रत्येक सुरात, नकळत, ते हातानं झाकत होते. मला खरंच माहीत नव्हतं! मांड्या कमावत बसले होते मी!

"बघा!" दोडप्पा म्हणाले. "म्हंजे देवालाच मंजूर न्हाय."

"सिद्धा!" अज्जी एवढ्या जोरात म्हणाली की बाहेरची पाखरं उडाली. "देवाच्या नावानं तुजं म्हननं खपवू नको. ते तिच्या अंगावर तिला सांभाळायला बांधलंय. तिनं त्याला सांभाळत बसायला न्हाय." मग तिचा आवाज उतरला. "मीच म्हनलं व्हतं तिला. भुईला लागू देऊ नको म्हनून. लेकरानं किती मनावर घ्यावं."

तिनं मला जवळ ओढलं. "मला बाळंतपणाच्या टायमाला माझ्या आईनं दंडाला बांधलं व्हतं. दंडाला बांधलेलं चालतं. इकडं ये."

कोपीच्या आडोशाला तिनं स्वतःच्या लुगड्याच्या काठाची पट्टी फाडली आणि लिंग माझ्या डाव्या दंडावर, अगदी वर, काखेजवळ बांधलं. इतकं घट्ट की बोटांना मुंग्या आल्या. मग एक पदर सैल केला.

"जा. मार बरं सूर. बघू."

*

विहिरीच्या कडेला एक पट्टी वखरून मोकळी ठेवली होती. काळी, भुसभुशीत माती. मी परकराच्या आत खेळाची पँट घालूनच आले होते (येळवशीला रानात पोरं खेळतातच, मी काय कट केला नव्हता. बरं, थोडा केला होता.) परकर आईच्या हातात दिला.

"पळणार कोण?" मी विचारलं.

आत्या म्हणाली, "माज्याकडं बघू नको, माजं पोट उंड्यानं भरलंय." मग नंदीशदादा उठला. त्यानं चपला काढल्या आणि पट्टीत जाऊन उभा राहिला.

पहिला सूर मारला. डावा हात छातीशी.

तिथं आता काहीच नव्हतं! तरी गेला. दादा हसत बाजूला झाला. मी तोंडातली माती थुंकली.

दुसरा. परत छातीशी. तिसऱ्याला मी हाताकडं इतकं लक्ष दिलं की पायच अडखळले आणि नांगरासारखी नाकावर गेले. आत्या खदाखदा हसली. मग हसू दाबत म्हणाली, "लागलं का गं?"

"न्हाय!"

"साकु, रंजू," कोपीच्या दारातून दोडप्पा म्हणाले. साकु म्हणजे पुरे. "साकु म्हनलं ना."

मी उठले आणि परत मागं जाऊन उभी राहिले. दोडप्पांकडं बघितलं नाही. रागानं नाही, मला खरंच वेळ नव्हता. मी हाताशी भांडत होते. काय वेडा हात! कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि स्वतःच एवढा पक्का झालेला. ह्याच्यापेक्षा चांगला गडी माझ्या संघात नसेल.

आणि मग गंमत झाली. माझी आई, श्रीदेवी, जी दोडप्पांसमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, तिनं माझा परकर आत्याच्या मांडीवर ठेवला, पदर कंबरेला खोचला आणि पट्टीच्या मधोमध उकिडवी बसली.

"आई, काय करतीस?"

"नुसतं पळून सूर मारलास तर हाताला विचार करायला सवड मिळती," आई म्हणाली. "खेळात कसं, मागून कुणीतरी खो देतं, मग पळतीस न्हवं? बस माझ्या फुडं. मी देते खो."

मी आ वासून बघत राहिले. म्हणजे दर सामन्याला आई मैदानाच्या कडेला भाजीची पिशवी घेऊन उभी राहायची ती नुसती उभी नसायची तर!

आत्याला राहवलं नाही. "मग मी बी बसते. दोघींत कसला खो?" पोटभर उंड्यांसकट ती आईच्या पलीकडं बसली. सकाळी दोडप्पांच्या बाजूला गेलेली आत्या आता माझ्या बाजूला! अज्जीनं आज्ञा सोडली, "शिवा, तू बी बस." पप्पा विजार वर करून बसले. एका रांगेत, एकाआड एक तोंडं करून, आमचं घर वखरलेल्या रानात बसलं, आणि दादा समोरून माकडासारखा झुकांड्या देत पळायला लागला.

"खो!" आईनं पाठीत असा धपका मारला की श्वासच गेला. पळाले. सूर. छातीशी.

"खो!" छातीशी.

"खो!" ह्या वेळी हात निघाला, अर्ध्यात थांबला, काय करावं न कळून हवेत लोंबला. मी कुशीवर आदळले.

"थांबला! हात थांबला!" आत्या ओरडली. "आण्णा, बघितलंत का?"

दोडप्पा कोपीतून उठून बांधावर आले होते. बघत होते, पण माझ्याकडं नाही. दादाकडं. दादा घामानं निथळत होता, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता आणि हसत होता. एवढा धावलेला दादा आम्ही वर्षभरात बघितला नव्हता.

"नंद्या, दमलास. बस आता," दोडप्पा म्हणाले. नेहमीच्या मऊ आवाजात. दादाशी ते तसंच बोलतात, आजाऱ्याशी बोलल्यासारखं.

दादाचं हसू गेलं.

"आप्पा, तुमी मला सारखं बस का म्हनता?"

आईचा खो द्यायला उचललेला हात तसाच.

"मी कुठं..."

"तिसऱ्यांदा भरतीतनं आलो, तुमी म्हनलात बस. दुकानात बस. मला वाटलं व्हतं, दोन दिसांनी म्हनाल, नंद्या, ऊठ, परत पळ. म्या वाट बघत व्हतो." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "तुमी कधी म्हनलाच न्हाय. कुणीच न्हाय म्हनलं. मग म्या समजलो, घरात सगळ्यांना कळलंय, ह्याच्यानं व्हत न्हाय."

दोडप्पा बांधावर उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. डोक्यावर बिंदगा नसतानाही माणसाला बोलता येत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"मला वाटलं," ते शेवटी म्हणाले, "तुला दुखंल."

"दुखतंच की," दादा म्हणाला. "बसून बी दुखतंय."

पप्पा रांगेत बसल्या जागी जमिनीकडं बघत होते. आत्यानं डोळ्याला पदर लावला. अज्जी मात्र कोपीच्या दारातून करवादली, "रडायचं असलं तर सावलीला येऊन रडा. पोरीचा सूर राहिला."

दोडप्पा खाली उतरले. टोपी काढून बांधावर ठेवली. धोतराचा सोगा वर खोचला.

"नंद्या, बाजूला हो जरा. दम खा," ते म्हणाले, आणि मग चटकन, चूक सुधारावी तसं, "म्हंजे बसू नको. नुसता उभा राहा. मी पळतो."

"आण्णा, गुडघे!" पप्पा म्हणाले.

"गुडघे माझे हायत."

दोडप्पा पळाले! सांगून खरं वाटणार नाही, पण दोडप्पा वाकडे-तिकडे बरे पळत होते. कधीकाळी आट्यापाट्या खेळलेला माणूस. आईनं धपका मारला, "खो!" मी सुटले. ते उजवीकडं दाखवून डावीकडं गेले, मी फसले, वळले, अंतर हातभर, दोन हात, आणि मी स्वतःला टाकलं.

डाव्या हाताचं काय झालं ते मला कळलं नाही. मातीत तोंड होतं. फक्त उजव्या हाताच्या बोटांना धोतराचं टोक लागलेलं होतं, आणि डावा हात कुठंतरी लांब, माझ्या डोक्याच्या पुढं, मातीत पालथा पडलेला होता. जणू कुणा दुसऱ्याचाच. मी मान उचलून त्याच्याकडं बघत बसले.

"औट!" आत्या, आई आणि अज्जी एकदम ओरडल्या. पप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्याच्या पुढचा सूर मात्र परत अर्धा गेला. त्याच्या पुढचा पूर्ण. मग दोन अर्धे. खोटं कशाला सांगू, ऊन कलेपर्यंत आम्ही खेळलो तरी माझा हात निम्म्या वेळेला चुकतच राहिला. पण आता चुकला की मला कळायचं, पडायच्या आत कळायचं. इतकी वर्षं मी आंधळी पडत होते.

*

परतायची आवराआवर चालली होती. दोडप्पा विहिरीच्या काठावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मला हाक मारली.

"परवा नाव न्हाय आलं तर?"

"रडीन," मी म्हणाले. "दोन दिवस."

"दोन?"

"बरं, एक. मग सरांना विचारीन, आता कुठं चुकलं."

"आनि पुढच्या वर्षी बी न्हाय आलं तर?"

"लातूरला मैदानं न्हायत का, दोडप्पा?"

ते हसले. हसताना गुडघा दुखला म्हणून कण्हले. दादा हौदावर पाय धूत होता. त्याच्याकडं बघत ते म्हणाले, "नंद्या, पोलिसाची जागा परत कधी निघती रे?" आवाज मऊ नव्हता. दुकानात हमालाला हाक मारतात तसा चढा होता. दादानं वर बघितलं, आणि तोंडभर हसून म्हणाला, "बघून सांगतो."

मग दोडप्पा पप्पांना म्हणाले, "शिवा, परवा मी रंजूला घेऊन धाराशिवला जातो. दुकान तू उघड."

पप्पा भांडी पोत्यात भरत होते. हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं. "न्हाय आण्णा," ते म्हणाले.

न्हाय! आमच्या घरात हा शब्द ह्या दोघांच्या मधून त्या दिशेनं कधी गेलेला मी ऐकला नव्हता.

"मी जानार तिच्यासंगं," पप्पा म्हणाले. "दोन्ही टायमाला पोती मोजत बसलो. आवंदा जानार. दुकान तुमी उघडा."

"मला बी बघायचंय की तिचा सूर. पळवून घेतलंय तिनं मला."

"मला बी."

दोघं भाऊ एकमेकांकडं बघत उभे राहिले. आई आणि आत्या पातेल्यांमागून बघत होत्या. परवा मुरुमचा आठवडी बाजार होता. नवी तूर यायला लागली होती, आणि बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानाचं शटर खाली असलेलं गावात कुणी बघितलेलं नाही.

"मंग ऱ्हाऊ दे बंद," दोडप्पा म्हणाले आणि टोपी शोधायला बांधाकडं लंगडत गेले.